दोन मैलांवरचा ठिपका

कामेउरा, ३ मार्च १९७९

तोमिएताई,

मुळ्याचं लोणचं पोचलं. बरणी रिकामी झाली की पाठवते, घाई करू नकोस.

आता जे लिहिते आहे ते बसून वाच. आणि कारखान्यात फोन करू नकोस, तिथला फोन सगळे कान टवकारून ऐकतात.

तुला माहीत आहे, मी ज्या होड्यांच्या कारखान्यात शिडं शिवते तिथे नौकाविहाराचं एक मासिक येतं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी ते चाळत होते. मागच्या पानावर वाचकांची पत्रं असतात. त्यातलं एक असं होतं: "चौतीस वर्षं मोठ्या मालवाहू जहाजांवर काढून निवृत्त झालो. आयुष्यभर तुम्हा शिडवाल्यांकडे वरून पाहिलं. आता सात मीटरची एक नाव घेतली आहे आणि खालून वर पाहायची वेळ आली आहे. कुरुशिमाच्या सामुद्रधुनीत लहान नावा मोठ्या जहाजांपासून स्वतःला कशा सांभाळतात, हे तिथल्या कुणी माहितगाराने कळवलं तर आभारी होईन."

खाली नाव आणि पत्ता. कुवाजिमा शुइची, ओनोमिची.

ताई, ते नाव मी नऊ वर्षांत तोंडाने उच्चारलं नाही आणि एक दिवसही विसरले नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, लिहिल्याशिवाय आज हात थांबणार नाही. माझा मोरिओ सत्तावीस वर्षांचा होता. स्वतः बांधलेली शिडाची नाव घेऊन सकाळी सातला हिउचीच्या उघड्या पाण्यात होता. धुकं होतं. तीन हजार टनांचं जहाज त्याच्यावरून गेलं आणि थांबलंही नाही. त्या वेळी जहाजावर पहाऱ्याला हा कुवाजिमा होता, चीफ ऑफिसर. चौकशीत म्हणाला की रडारच्या पडद्यावर काहीच नव्हतं. चौकशीवाल्यांनी लिहून दिलं, "लहान नावेने आपण दिसावे याची काळजी घेतली नव्हती."

लाकडी नाव रडारला दिसत नाही म्हणून तर गेंजिरोंनी आणि मी तेलाचे डबे कापून, तीन पत्रे फुलीत बसवून, रडारचा पत्रा केला होता. मोरिओने तो डोलकाठीच्या टोकाला माझ्यासमोर चढवला. मोरिओ चौथ्या दिवशी मिळाला. डोलकाठी मिळाली नाही, पत्रा मिळाला नाही, त्यामुळे तो नव्हताच असं ठरलं. गावातल्या सगळ्यांना पत्रा लावा म्हणून सांगत फिरणाऱ्या गेंजिरोंना लोक तोंडावर म्हणाले, स्वतःच्या पोराला तेवढं सांगायचं राहिलं वाटतं. दोन वर्षांत ते गेले, ते काही आजाराने नाही.

मी कुवाजिमाला उत्तर लिहिणार आहे.

हिसानो


कामेउरा, ६ मार्च

कुवाजिमासान यांस,

मासिकातलं आपलं पत्र वाचलं. मी शिडं शिवते आणि लग्न झाल्यापासून या सामुद्रधुनीच्या काठावर राहते. लहान नाव, होडी, सगळं चालवलं आहे. आपल्याला जे विचारायचं असेल ते निःसंकोच विचारावं.

बदल्यात माझी एक विनंती आहे. आम्ही खालची माणसं. वरून आम्ही कसे दिसतो, हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. ते आपण सांगावं.

सेनो हिसानो


ओनोमिची, १५ मार्च

सेनोसान यांस,

आपलं पत्र आलं आणि मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. फुसाए म्हणाली, आता तरी कुणी तरी तुम्हाला शिकवणारं भेटलं. माझी नाव बंदरात बांधलेली असते तेव्हा मी उत्तम नाविक असतो. दोर सोडला की शीड माझं ऐकत नाही, आणि शेजारच्या नावेवरची कॉलेजातली मुलं तोंड फिरवून हसतात.

आपण वरून कसं दिसतं ते विचारलंत. खरं सांगू? दिसतच नाही. पांढरं शीड धुक्यात विरघळून जातं, लाटा फुटत असल्या की त्यांच्या फेसातही हरवतं. केशरी किंवा लाल शीड पाहणारा तुमची आठवण ठेवतो. दुसरं, जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उंच असते. तिच्यापुढचं निदान पाचशे मीटर पाणी सुकाणूवरच्या माणसाला दिसत नाही. तुम्हाला जहाजाच्या वरच्या केबिनच्या काचा दिसत नसतील, तर त्या काचांमागच्या माणसाला तुम्हीही दिसत नाही. अशा वेळी हात हलवून उपयोग नाही, तिथून निघून जायचं. तिसरं, माझ्या शेवटच्या जहाजाला पूर्ण थांबायला दीड मैल लागायचे. म्हणजे मी तुम्हाला पाहिलं तरी तुमचा जीव तुमच्याच हातात.

आणि रडारचा पत्रा डोलकाठीवर जितका उंच चढेल तितका चढवा. मी माझ्या नावेवर पहिल्याच दिवशी चढवला.

वसंतात कुरुशिमातून मात्सुयामापर्यंत जायचा बेत आहे. त्या पाण्याला मी मोठ्या जहाजावरही घाबरायचो.

कुवाजिमा


मात्सुयामा, २० मार्च

हिसानो,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली, त्याच्या पत्राची नक्कलही. आता मला सांग, हा पत्रव्यवहार कशासाठी चालला आहे? त्याच्या थोबाडीत मारायची असेल तर ओनोमिची काही लांब नाही. बोटीने जा, मार, आणि संध्याकाळच्या बोटीने परत ये. मी येते सोबतीला. पण माहेरचं आडनाव लावून गोड गोड पत्रं लिहायची, हा तुझा स्वभाव नाही. लहानपणी तू आपल्या अंगणातला ढापलेला नासपतीचा तुकडासुद्धा लपवू शकायची नाहीस.

त्याचं पत्र मी वाचलं. माणूस बोलका आहे, विनोदी आहे. याचाच मला संताप आला. तुला किती आला असेल ते कळतं. म्हणून तर विचारते, काय करणार आहेस?

तोमिए


कामेउरा, २६ मार्च

कुवाजिमासान यांस,

आपलं पत्र मी तीनदा वाचलं. नाळेपुढच्या पाण्याचं कळल्यावर अंगावर काटा आला.

एक शंका आहे. आमच्या गावात काही जण म्हणतात, पत्रा लावून काय उपयोग, जहाजवाले पडद्याकडे बघतच नाहीत. आपण म्हणता उंच चढवा. समजा, एखाद्याने लावला, डोलकाठीच्या टोकाला लावला, तरी जहाज त्याच्यावर येऊ शकतं का? आपल्या इतक्या वर्षांत असं कधी झालं असेल तर सांगावं. गावातल्या मंडळींना सांगायला मला बरं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भरती-ओहोटीचा मेळ चांगला जमतो. तोवर थांबावं.

सेनो हिसानो


ओनोमिची, ४ एप्रिल

सेनोसान यांस,

आपला प्रश्न अवघड आहे. उत्तर द्यावं की नाही, याचा आठवडाभर विचार केला. पण मी आपल्याला शिकवा म्हणतो आणि स्वतः हात राखून ठेवतो, हे बरं नव्हे.

होऊ शकतं. पडद्यावर ठिपका येतो. पत्र्याचा ठिपका लहान असतो, येतो, जातो, परत येतो. पाहणारा एकटा असला, टेहळणीवरच्या माणसाला त्यानेच खाली चहा आणायला धाडलेलं असलं, सामुद्रधुनीचा ताण नुकताच संपलेला असला, तर तो स्वतःला सांगतो की हे मासेमाऱ्यांनी जाळ्याच्या खुणेला तरंगत ठेवलेलं झेंड्याचं बोयरं असेल. आणि नकाशावर नोंद करायला वळतो. दोन मैलांवर दिसलेला ठिपका त्याला पुन्हा दिसत नाही, कारण तो पुन्हा पाहत नाही.

माझ्याकडून असं एकदा झालं आहे. धुक्याची सकाळ होती. पुढचं लिहीत नाही, पत्रात लिहिण्यासारखं ते नाही. गावातल्या मंडळींना एवढंच सांगा, पत्रा लावा, पण पत्र्यावर विसंबू नका.

कुवाजिमा


कामेउरा, ७ एप्रिल

ताई,

सोबत त्याच्या पत्राची नक्कल आहे. चूल पेटवायच्या आत वाच.

त्याला दिसलं होतं. मोरिओचा पत्रा त्याच्या पडद्यावर दिसला होता. दोन मैलांवर. चौकशीच्या टेबलासमोर उभं राहून तो म्हणाला की काही नव्हतं, आणि मी त्याच्यामागे तिसऱ्या बाकावर बसले होते. त्याने तेव्हा मान खाली घातली होती. इतकी वर्षं मी समजत होते की त्याला वाईट वाटत असावं. ती मान खोटं बोलण्यासाठी खाली गेली होती.

मी आजवर म्हणायचे, आंधळा होता, निष्काळजी होता. आता म्हणते, चोर आहे. माझ्या मुलाचं शहाणपण त्याने चोरलं. माझ्या नवऱ्याला गावात खाली बघत चालायला लावलं. आणि आता केशरी शिडाच्या गोष्टी मला सांगतो.

तू विचारलंस काय करणार. सांगते. त्सुबोजिमा बेट तुला आठवतं, सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहे ते, वर दोन पाइनची झाडं. त्याच्या दक्षिण अंगाला पाणी कसं शांत दिसतं? अनोळखी माणसाला वाटतं, थांबावं तर इथे. भरती-ओहोटीची ओढ फिरायच्या आधी अर्धा तास ते पाणी मोरीचं बूच काढल्यासारखं सुटतं आणि नाव थेट जहाजांच्या वाटेत नेऊन टाकतं. हे कुठल्या नकाशात नाही. आम्हालाच माहीत आहे.

मी त्याला तिथे थांबायला सांगणार आहे. तो वरून खाली बघत होता ना. एकदा खालून वर बघू दे.

हिसानो


कामेउरा, ८ एप्रिल

कुवाजिमासान यांस,

मोकळेपणाने लिहिलंत, आभारी आहे.

आता कुरुशिमाचं सांगते. अकरा मे, शुक्रवार, हा दिवस धरा. ओढ अकरा चाळीसला फिरते, हे आपल्या तक्त्यातही सापडेल. त्याआधी मधल्या वाटेला जाऊ नये, जहाजांची गर्दी असते. साडेदहापर्यंत त्सुबोजिमाला पोचा. दोन पाइनची झाडं असलेलं बेट. त्याच्या दक्षिण अंगाला, किनाऱ्यापासून तीस-चाळीस मीटरवर, पाणी तळ्यासारखं असतं. शीड उतरवून निवांत थांबा. नांगर टाकायची गरज नाही, तळ खडकाळ आहे, अडकून बसेल. ओढ मंदावली की सावकाश पुढे व्हा. आमची सगळी लहान माणसं असंच करतात.

सेनो हिसानो


मात्सुयामा, १२ एप्रिल

हिसानो,

ते पत्र टाकलंस की नाही, एवढंच परतीच्या टपालाने कळव. टाकलं नसशील तर फाडून टाक.

टाकलं असशील तर दुसरं लिही, की आधीचं चुकलं, म्हातारपणी बेटांची नावं गोंधळतात. तो हसेल आणि विश्वास ठेवेल.

मला तो माणूस जगायला हवा आहे असं समजू नकोस. मोरिओ माझ्या दुकानात सुट्टीभर राहायचा, टोफूच्या पाट्या उचलायचा, गिऱ्हाइकांना माझी थट्टा करून हसवायचा. मी त्याला विसरले नाही. पण त्या पोराच्या नावावर आधीच एक खोटं लागलं आहे. आता त्याच्याच नावाने तू एक खून करणार. वर गेल्यावर त्याला काय सांगशील, की तुझ्यासाठी बुडवला?

आणि तू तुरुंगात गेलीस तर मी कुणाला लोणचं पाठवू?

तोमिए


ओनोमिची, २४ एप्रिल

सेनोसान यांस,

त्सुबोजिमाची माहिती मिळाली. नकाशावर खूण केली. अकरा मे पक्का. आपल्यासारखी व्यक्ती भेटली हे माझं भाग्य.

एक बातमी आहे. फुसाएही येणार आहे. चौतीस वर्षांत ती माझ्या एकाही जहाजावर चढली नाही, धक्क्यावरून निरोप द्यायची आणि धक्क्यावर घ्यायला यायची. परवा आपलं पत्र वाचून म्हणाली, इतकं सुरक्षित असेल तर मी पण येते. भाताचे गोळे करून घेणार आहे, आपल्यासाठीही. संध्याकाळी कामेउराला थांबून आपल्याला भेटायची तिची इच्छा आहे.

कुवाजिमा


कामेउरा, १२ मे

ताई,

तू चार पत्रं लिहिलीस, मी एकाचंही उत्तर दिलं नाही. आज देते.

त्याची बायको येणार हे मला दोन आठवडे आधी कळलं होतं. दुसरं पत्र लिहायला बसले होते, तीन वेळा. तिन्ही वेळा "कुवाजिमासान" एवढं लिहून झालं की चौकशीच्या कागदावरचं ते वाक्य आठवायचं आणि लेखणी खाली ठेवायचे. मनाला म्हणाले, तिनेही नऊ वर्षं त्याच्या खोट्याचं जेवण जेवलंय. ती काही परकी नाही.

काल सकाळी गेंजिरोंची जुनी डिझेलची होडी काढली आणि त्सुबोजिमाच्या पश्चिम टोकाला, खडकाच्या आडोशाला जाऊन थांबले. मी वाचवायला गेले असं समजू नकोस. मी बघायला गेले होते.

हवा होती, धुकं विरळ, ऊन कोवळं. ते साडेदहाला आले. नाव टापटीप, डोलकाठीच्या टोकाला चकचकीत पत्रा. मी सांगितलं तसं त्याने सगळं केलं. शीड उतरवलं, नीट घडी घातली. बायको पुढे बसून डबा उघडत होती. ती काहीतरी म्हणाली, तो हसला. मला त्यांचा आवाज नाही, नुसतं हसणं ऐकू आलं.

अकरा वाजून गेले आणि पाणी सुटलं. आधी नाव हळूच फिरली, जशी कुणी हाताने फिरवावी. मग निघाली. त्याने मागचं छोटं इंजिन चालू केलं, ते नुसतं ओरडत राहिलं, नाव मागेच चालली. शीड चढवायला धावला तर वारा बेटाने अडवलेला. दहा मिनिटांत ते मोठ्या वाटेच्या मधोमध होते आणि पूर्वेकडून सिमेंटचं एक जहाज येत होतं.

त्याला कळलं. चौतीस वर्षांचा माणूस, त्याला सगळ्यात आधी कळलं. तो सुकाणू धरून खाली बसला आणि जहाजाच्या नाळेकडे बघत राहिला. वरच्या काचा त्याला दिसत नव्हत्या. पण ती उभी राहिली, ताई. एका हाताने डोलकाठी धरून दुसऱ्या हाताने डब्याचं पांढरं फडकं हलवत राहिली, जहाजाकडे तोंड करून, न ओरडता. जहाजाने पाच वेळा तुटक भोंगा दिला. म्हणजे तुमचं काय चाललंय ते कळत नाही. वळायला त्याला जागा नव्हती, दोन्हीकडे खडक.

मी होडीचं इंजिन केव्हा चालू केलं, ते विचारू नकोस. मलाही सांगता येणार नाही.

ओढीच्या कडेकडेने, गेंजिरो न्यायचे तशी होडी नेली आणि त्यांच्यापासून दहा मीटरवर आणून धरली. दोर माझ्या हातात होता. त्याला वाटलं कुणी कोळीण आहे. म्हणाला, "दोर टाका, बाई, लवकर."

मी टाकला नाही. म्हणाले, "मी सेनो हिसानो. सासरचं आडनाव ओचि. ओचि मोरिओची आई."

त्याचा चेहरा कसा झाला ते तुला सांगणार नाही. तो माझ्यासाठी ठेवला आहे.

"सत्तर सालच्या मे महिन्यात तुमच्या पडद्यावर ठिपका होता की नव्हता?"

तो जहाजाकडे बघून म्हणाला, "आधी दोर टाका. मग बोलू."

"मग नको. आत्ता."

त्याची बायको माझ्याकडे वळली. तिने विचारलं, "कसला ठिपका? कोण मोरिओ?" तिला खरंच काही माहीत नव्हतं. जहाजाच्या नाळेवरची अक्षरं आता वाचता येत होती.

तो पुटपुटला, "होता."

"इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"होता. दोन मैलांपासून होता. मी पाहिला आणि वळलो."

"आणि चौकशीत काय सांगितलंत?"

"नव्हता म्हणून सांगितलं."

मी दोर टाकला. दोर त्याच्या हातून सुटला. तिने पकडला आणि तिनेच डोलकाठीच्या बुडाला दोन वेढे मारले. मी इंजिन पूर्ण जोरात सोडलं. जहाज आमच्यामागून इतक्या जवळून गेलं की त्याच्या लोखंडाची थंडी पाठीला लागली. त्याच्या लाटेने दोन्ही नावा उचलून आपटल्या.

कामेउराच्या धक्क्याला आणून मी दोर सोडला. तो नावेतून उठलाच नाही. ती वर आली, कमरेपर्यंत भिजलेली. मला वाटलं रडेल किंवा शिव्या देईल. दोन्हीचा तिला हक्क होता. तिने विचारलं, "किती वर्षांचा होता?"

सत्तावीस, मी म्हणाले.

ती नवऱ्याकडे वळूनही न बघता दुपारच्या बोटीने निघून गेली.

तुला वाटत असेल मला समाधान झालं असेल. झालं. खोटं कशाला सांगू. रात्रभर झोप लागली, नऊ वर्षांत पहिल्यांदा. पण ते शब्द पाण्यावर बोलले गेले आणि ऐकायला आम्ही तिघंच. कागदावर अजून तेच वाक्य आहे.

हिसानो


ओनोमिची, २३ मे

ओचिसान यांस,

आपण मला मरायला धाडलं होतं, हे मला कळलं आहे. मी कुणाला सांगणार नाही. तेवढा अधिकार आपल्याला होता असं मी मानतो.

मी क्षमा मागतो. चौकशीच्या कचेरीलाही लिहिणार आहे. पण थोडा अवधी द्यावा. आमच्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या मंडळात मला मान आहे, तरुण अधिकारी सल्ल्याला येतात. त्या वेळचे कप्तान आता हयात नाहीत, ते खाली न्याहारीला गेले होते, त्यांच्याही नावाला धक्का लागेल. शिवाय इतक्या वर्षांनी कोण वाचणार? योग्य वेळ पाहून मी नक्की लिहीन.

कुवाजिमा शुइची


मात्सुयामा, २९ मे

हिसानो,

त्याच्या पत्राची नक्कल वाचली. योग्य वेळ म्हणे. नऊ वर्षं अयोग्य होती काय.

तू दोर टाकलास हे वाचून मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ उठले नाही. गिऱ्हाइकं विचारायला लागली, आजी, बरं नाही का. मी म्हणाले, बहिणीचं पत्र आलंय, खुशाल आहे. आता यापुढे त्याला काही लिहू नकोस. तुझ्या हाताला पुन्हा त्याच्या नावाची सवय नको लागायला.

तोमिए


ओनोमिची, १८ जून

ओचि हिसानोसान यांस,

मी कुवाजिमा फुसाए. मला पत्रं लिहायची सवय नाही, घरची पत्रं तेच लिहायचे.

सत्तर साली मे महिन्यात ते घरी आले तेव्हा जहाजाच्या नाळेला ओरखडा होता. मी विचारलं तर म्हणाले, वाहत आलेला ओंडका लागला. चौकशीला गेले तेव्हा म्हणाले, कामगारांच्या पगाराची भानगड आहे. मी त्यांचा गणवेश इस्त्री करून दिला होता. तो घालून ते तुमच्यासमोर उभे राहिले होते.

घरी आल्यापासून मी रोज सकाळी त्यांच्यासमोर कागद आणि शाई ठेवत होते. ते रोज म्हणायचे, उद्या. दहा दिवसांपूर्वी मी ठेवायचं थांबवलं.

त्सुबोजिमापाशी मी जे कानांनी ऐकलं ते मीच लिहिलं आहे. तुम्ही काय विचारलंत, त्यांनी काय उत्तर दिलं, शब्द न बदलता. खाली नाव, पत्ता आणि माझा शिक्का. गेल्या सोमवारी कचेरीत जाऊन स्वतः दिलं. तिथला कारकून म्हणाला, निकाल बदलत नाही, पण कागद फाइलीला जोडला जाईल, आणि यापुढे जो कोणी तो निकाल मागेल त्याला तो कागदही मिळेल. जोडल्याची पोच घेऊनच मी उठले. मग त्यांच्या मंडळाच्या मासिक सभेत गेले आणि उभी राहून वाचला. ते तिसऱ्या रांगेत बसले होते. वाचून झाल्यावर त्यांच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्यांवरचे लोक उठून गेले. आता सकाळी बंदरावर त्यांना कुणी नमस्कार करत नाही. ते घरीच असतात. मी त्यांना जेवायला वाढते, बोलत नाही.

तिसरी प्रत सोबत आहे. तुमच्या गावच्या मच्छीमार संघाच्या फळ्यावर लावावीशी वाटली तर लावा. तुमच्या यजमानांना लोकांनी कसं टोचलं ते त्या दुपारच्या बोटीवर तुमच्या गावच्या बायकांकडून कळलं, ती माणसं अजून तिथे असतील.

तुम्ही दोर हातात धरून ठेवलात म्हणून ते म्हणतात की तुम्ही क्रूर आहात. मी होते त्या नावेत. मी तुम्हाला क्रूर म्हणत नाही. तुमच्या जागी मी असते तर अजून एक प्रश्न विचारला असता, घरी बायकोला काय सांगितलंत.

एकदा मोरिओसानच्या समाधीला पाणी घालायला यायची इच्छा आहे. तुमची हरकत असेल तर येणार नाही.

कुवाजिमा फुसाए


कामेउरा, २२ जून

फुसाएसान यांस,

प्रत फळ्यावर लावली. संघाच्या अध्यक्षांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि संध्याकाळी माझ्या दाराशी येऊन डोकं टेकलं. मी त्यांना चहा दिला नाही. गावातले सगळे एकेक करून वाचून गेले. आज सकाळी मी स्वतः तिथे जाऊन उभी राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांत बघितलं. कुणाचीही मान वर राहिली नाही. मला ते बघायचं होतं आणि मी पोटभर बघितलं.

जुलैच्या पहिल्या रविवारी सकाळची बोट नऊला लागते. मी धक्क्यावर असेन.

तुम्ही या. त्यांना आणू नका.

ओचि हिसानो